अर्ध्या मार्काचा नवरा

आम्ही दोघं एकाच सरांचे विद्यार्थी, एकाच टेबलावर शेवाळं तपासायचो. पंचविशीत एकाच शिष्यवृत्तीला अर्ज केले. त्याला मिळाली, माझी अर्ध्या मार्काने हुकली. पुढे शिष्यवृत्ती बघून त्याला नोकरी मिळाली, नोकरी बघून प्रयोगशाळा, प्रयोगशाळा बघून बक्षिसं. मी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवत राहिले. मधेच त्याच्याशी लग्नही केलं, म्हणजे राग धरला नव्हता असं समजा. धरला होता थोडा.

सुट्ट्यांत जमवलेल्या शेवाळांची माझ्याकडे चारशे पाकिटं झालीत. त्यांचा एक ग्रंथ करायचा म्हणून यंदा अनुदान मागितलं. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटचीच संधी. अर्जात मुख्य संशोधक मी, सहाय्यक म्हणून आमचे निवृत्त नवरोबा. कुणाला फोनबिन करायचा नाही, अशी तंबी दिली होती. बिचाऱ्याने पाळली.

मंजुरी आली, पण त्याच्या नावाने. मुख्य तो, सहाय्यक मी. कुणाचा खोडसाळपणा नव्हता हो. कार्यालयात कुणाला तरी वाटलं असणार की बाईंनी नावं उलटी लिहिली, म्हणून त्यांनी भल्या मनाने चूक सुधारली.

जाऊ दे, काम झाल्याशी मतलब, असं म्हणून मी कुकर लावायला गेले. बाहेर आले तर हा उत्तर लिहीत बसलेला: मुख्य संशोधक ती आहे, तिच्या नावाने देता येत नसेल तर मंजुरी रद्द करा. माझं डोकंच फिरलं. हातातोंडाशी आलेला घास घालवतोस का, म्हणून नाही नाही ते बोलले.

"तेव्हाच लिहायला हवं होतं गं हे," तो म्हणाला. "माझ्या त्या शिष्यवृत्तीच्या अर्जातली निम्मी निरीक्षणं तुझी होती. मला माहीत होतं. मी गप्प बसलो."

पस्तीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले. मग पत्रावर तिकीट मीच चिकटवलं.

तीन आठवडे जिवाला घोर होता. शेवटी माझ्या नावाचं पत्र आलं. त्याने ते न फोडता माझ्या हातात दिलं आणि चष्मा पुसत उभा राहिला.

आता रोज सकाळी तो माझ्या शेजारी बसून पाकिटांवर नंबर घालतो. अक्षर भयंकर आहे. दोनदा सांगून झालंय.