हाताला लागलं का?

मोठ्या जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टरांना सगळ्यांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एका शब्दाचा असतो. गाय खोड्यात, म्हणजे अडकवून ठेवायच्या लोखंडी चौकटीत, उभी असते. शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम लांब हातमोजा चढवून खांद्यापर्यंत हात मागून आत घालतात, गर्भाशय चाचपतात, "दीड महिन्याची गाभण" असं सांगून हात बाहेर काढतात आणि बाजूला होतात. मग शिकाऊ डॉक्टर हात घालतो. तो आत आंधळ्यासारखा चाचपडत असताना मॅडम विचारतात, "लागलं?" आणि शिकाऊ डॉक्टर म्हणतो, "लागलं." दुसरं काही उत्तर असू शकतं हे तिथे कुणाच्या गावीही नसतं.

पिटुकलीच्याही नव्हतं. हे नाव तिला दवाखान्यानं दिलं होतं, कारण गाईच्या मागे उभं राहायला तिला पायाखाली लाकडी पाट लागायचा. पदवी झाली, पुढचं प्रशिक्षण सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच गाईत तिनं हात घातला. आत गरम होतं, शेण होतं आणि गाईनं अशी काही कळ दिली की तिची बोटं बधिर झाली. ती बोटं कुठे आहेत हेच तिला कळेना, तर गर्भाशय कुठलं कळायला! तिच्या आधी उंट नावाचा तिचा लांबहात्या सोबती ऐटीत "लागलं" म्हणून गेला होता. मॅडमनी विचारलं, "लागलं?" ती म्हणाली, "लागलं, मॅडम." एवढंच. वेळ मारून नेली.

वेळ मारून नेण्यात एक गोम असते, ती वेळ परत परत येते. दुसऱ्या दिवशी "काल लागलं होतं, आज लागत नाही" कोणत्या तोंडानं सांगायचं? मॅडम आधी सांगायच्या आणि पिटुकली त्यांची री ओढायची. बाकी कामात पोरगी चोख होती, हे कबूल करायला हवं. घोड्याच्या नाकातून नळी पोटात उतरवायची, खूर साफ करायची, टाके तर असे घालायची की उंट म्हणायचा, "हिच्याकडे माझी पँट आल्टर करायला देतो." मोठी, तीन-चार महिन्यांची गाभण गायही तिला बरोबर ओळखता यायची. फक्त लहान गर्भ, जो नुसत्या बोटांच्या टोकांना कळतो, तो तिला कधीच लागला नव्हता. होईल सवय, असं ती मनाला समजवायची. मनही मोठं समजूतदार निघालं.

मग दवाखान्याच्या फिरत्या गाडीचा दिवस आला. मॅडम एका अडलेल्या घोडीपाशी अडकल्या होत्या, सोनोग्राफीचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि गाडी ज्या वस्तीवर जायची होती तिथे पिटुकलीच्या आत्याचा गोठा होता.

"मी जाऊन येते, मॅडम. आत्याच आहे माझी."

मॅडमनी मान वर न करता विचारलं, "गाभण तपासता येते ना आता? लागतं?"

"लागतं, मॅडम."

"शंका आली तर सुई नाही. पंधरा दिवसांनी परत बघायचं. कळलं?"

कळलं होतं. हा नियम पहिल्या आठवड्यातच सगळ्यांना पाठ झालेला असतो. गाय रिकामी असेल तर जे इंजेक्शन तिला माजावर आणतं, तेच गाभण गाईचा गर्भ पाडतं.

आत्या म्हणजे बोलण्याचा धबधबा. लहानपणी पिटुकली सुट्टीत तिच्याकडे असायची, गोठ्यातल्या ओल्या फरशीवर आपटायची, आणि आत्या लांबूनच ओरडायची, "लागलं का गं?" गुडघ्यातून रक्त येत असलं तरी ही म्हणायची, "नाही लागलं." रडणाऱ्या पोरांना आत्या धारेच्या वेळी जवळ उभं करायची नाही ना! आता त्याच आत्यानं शेजारपाजार गोळा करून ठेवला होता. "ही माझी भाची. मोठी डॉक्टर आहे. बघा आता कशी सांगते ते!"

चार गाई तपासून झाल्या. त्या मोठ्या गाभण होत्या, सोप्या होत्या. लोक माना डोलवत होते. मग आत्यानं तांबडी आणली. तांबडी तिच्या जिवाचा तुकडा. तिच्या आईचं दूध पिऊन आत्याच्या पोरांनी अंग धरलं होतं. आई गेली, ही एकुलती एक राहिली, आणि ही काही केल्या गाभण राहत नव्हती. किती वेळा कृत्रिम रेतन केलं त्याची गणतीच नव्हती. घरातले सगळे म्हणत होते की आता हिला काढा, आणि आत्या एकटी नाही म्हणत होती.

"शेवटच्या वेळेनंतर माजावर आली नाही बघ," आत्यानं तांबडीची शेपटी बाजूला धरून कुजबुजत सांगितलं. "माझं मन म्हणतंय, राहिलीय. पण तू सांगशील ते खरं."

पिटुकलीनं हात घातला. मऊ काहीतरी होतं, निसटत होतं. गर्भाशयाचं शिंग होतं की आतडं? एका बाजूला बोटाला गोल लागल्यासारखं झालं. नाही, गेलं. मागे शेजारी थांबले होते. कुणीतरी म्हणालं, "वेळ लावतेय." आत्या म्हणाली, "नीट बघतेय ती."

त्या क्षणी "मला कळत नाही, पंधरा दिवसांनी मॅडमना घेऊन येते" एवढं म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? कोसळलं नसतं. पण पाठीमागे एवढे डोळे असताना माणसाला आभाळाचीच भीती वाटते.

"रिकामी आहे," ती म्हणाली. "अंडाशयावर गाठ आहे, म्हणून माजावर येत नाही. इंजेक्शन देते."

आत्याचा चेहरा पडला, पण लगेच सावरला. "दे बाई. तुला कळतं."

चारच दिवसांत आत्याचा फोन आला. पिटुकली जेवणघरात उंटासमोर बसली होती.

"अगं, लागू पडलं तुझं इंजेक्शन! आली माजावर! सगळी वस्ती तुझं नाव घेतेय. आणि घाण पण सगळी निघून गेली बघ."

"कसली घाण?"

"आदल्या दिवशी एक पिशवी पडली. पातळ, पाण्यानं भरलेली, अंड्याएवढी असेल. आत काहीतरी बोटाच्या पेराएवढं. मी मेलीनं खराट्यानं लोटून दिली. हॅलो? ऐकतेस ना?"

"ऐकतेय," पिटुकली म्हणाली. तांबडी राहिली होती. इतक्या वर्षांनी राहिली होती, आणि आत्याच्या मनाला ते कळलंही होतं.

कुणालाच कळलं नव्हतं, ही त्यातली सगळ्यांत वाईट गोष्ट. चूक करून वर शाबासकी मिळाली होती. दुपारी मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तिकडून निरोप आलाय, पिटुकलीचं काम छान झालं." उंटानं टाळी वाजवली. तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दोन दिवस ती मूग गिळून बसली. हात कितीही धुतले तरी तिला ते आपले वाटेनात. आरशात बघायची सोय राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी मॅडम खोलीत एकट्या असताना ती आत गेली आणि दारातच सगळं ओकून टाकलं. गाठ, सुई, पिशवी, खराटा. आणि शेवटी म्हणाली, "मला कधीच लागलं नव्हतं, मॅडम. पहिल्या दिवसापासून."

मॅडमनी तिला आत घेऊन दार लावलं.

"पहिल्या दिवसाची ती गाय रिकामी होती," त्या म्हणाल्या. "मी दर वर्षी पहिली गाय रिकामी घेते आणि गाभण सांगते. बघायला, की कोण म्हणतं लागलं नाही."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी माहीत होतं. सगळेच खोटं बोलता. मी मनात हसते आणि म्हणते, येतील आठवड्याभरात, सांगतील." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू आली नाहीस. आणि तुझे टाके इतके छान, की मी परत विचारायचं विसरले. नुसतं 'लागतं ना' विचारून तुला पाठवलं. उद्या दोघी जाऊ."

"मी फोन करून सांगितलं तर?"

"उद्या दोघी जाऊ," मॅडम म्हणाल्या.

आत्यानं गाडी बघितली आणि पदर सावरत धावत आली. "अगंबाई, मॅडमना घेऊन आली! बसा बसा." पिटुकली बसली नाही. गोठ्याच्या दारातच तिनं सांगितलं. "आत्या, तांबडी गाभण होती. मला कळलं नव्हतं, आणि कळलं नाही हे मी सांगितलं नाही. मी पाडलं ते."

बोलण्याचा धबधबा आटला. आत्या तिच्याकडे बघत राहिली, मग खराट्याकडे बघितलं, मग कुठेच बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर पिटुकलीनं आनंदानं खाल्ल्या असत्या. आत्या नुसती भिंतीला टेकून उभी राहिली. मॅडमनीच तांबडीला खोड्यात घेतलं, हात घालून तपासलं. "आत स्वच्छ आहे. पुढच्या माजाला परत प्रयत्न करता येईल. राहील असं मी म्हणत नाही." मग त्या बाजूला झाल्या आणि पिटुकलीला म्हणाल्या, "घाल हात."

"इथे?"

"इथेच."

आत्यासमोर, त्याच गाईत. शेपटी धरायला कुणी नव्हतं, ती ओली शेपटी सपकन तिच्या गालावर बसली. पिटुकलीनं हात घातला. मॅडम सांगत होत्या, तळाशी जा, शिंग बोटाखाली वळव, घाई नको. तांबडीनं कळ दिली आणि हात मनगटापासून चेपला गेला. पिटुकलीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात आत होता, पुसायची सोय नव्हती.

"लागलं का गं?"

भिंतीपाशी उभी असलेली आत्याच होती. सवयीनं बोलून गेली असावी.

"हाताला नाही लागलं, आत्या," पिटुकली म्हणाली. "अजून काहीच लागत नाहीये."

आत्या पुढे आली, तिच्याकडे न बघता तांबडीची शेपटी बाजूला धरली आणि म्हणाली, "मग बघ परत."