पाठीवरचं पिल्लू

तुमची शाळेची बॅग पाठीवर घ्या. नुसती मनातल्या मनात घेतली तरी चालेल. पट्टे खांद्यावर नीट बसले? आता समजा, त्या बॅगेत पुस्तकं नाहीत. पाण्याची बाटली आहे, खिरीचा डबा आहे, एक स्वेटर आहे आणि स्वेटरच्या घडीत काहीतरी ऊबदार आहे. ते मधूनच हलतं. ते तुमचं नाही. ते तिथे आहे हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. आणि ज्या आईचं ते आहे, ती डोंगरावरून तुमच्या मागे येते आहे. परत मागायला तिच्याजवळ शब्द नाहीत, दात आहेत.

आकांक्षा अशीच बॅग घेऊन चालत होती.

आकांक्षा मस्कतमध्ये अल् खुवैरला राहते. तिला कुत्रा पाळायचा होता, आणि त्यांच्या इमारतीत कुत्रा चालत नाही. तिचे पप्पा, लोकेश, इंजिनियर आहेत. तिथे नागपूरकडची आणि पुण्याकडची काही बौद्ध कुटुंबं आहेत. ती दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमतात आणि बुद्धवंदना करतात. पंचशील सांगायचं काम पप्पांचं. ते एकेक शील म्हणतात, बाकीचे त्यांच्या मागून. पहिलं शील, मी कुठल्याही जिवाची हिंसा करणार नाही. चौथं, मी खोटं बोलणार नाही. आकांक्षाला पाचही शीलं अर्थासकट पाठ आहेत, कारण ती पप्पांनीच पाठ करून घेतली आहेत.

त्या शुक्रवारी बुद्धवंदना आकांक्षाच्याच घरी झाली. खीर उरली. दुसऱ्या दिवशी सुट्टीच होती, तेव्हा उरलेली खीर डब्यात भरून तिघं डोंगर चढायला निघाली. आकांक्षा, पप्पा आणि नागपूरहून आलेली कांताआत्या. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण.

अल् खुवैरमध्ये लोक दूध आणायलासुद्धा गाडी काढतात. आत्याने मात्र बसचा हट्ट धरला होता.

"ताई, खाली गाडी उभी आहे आणि आपण स्टॉपवर उभे," पप्पा म्हणाले. "ऑफिसमधलं कुणी बघितलं तर म्हणेल, लोकेशची नोकरी गेली."

"म्हणू दे. वाट रियामला चढते आणि मत्राच्या बाजारामागे उतरते, हे तूच सांगितलं ना? मग गाडी काय तुझ्या मागून चालत येणार आहे?"

आकांक्षा हसली. लाल बस आली. रुवीला उतरून त्यांनी दुसरी बस घेतली. ती समुद्राच्या कडेने गेली आणि रियामला उतरवून पुढे निघून गेली.

डोंगर काळपट तपकिरी होते. त्यांच्यावर झाड नाही, गवत नाही. जणू कुणीतरी भट्टीतून काढून तसेच टाकून दिले होते. दगडी पायऱ्यांची वाट वर जात होती.

"हा खडक समुद्राच्या तळाच्याही खालचा आहे," पप्पा चढता चढता सांगत होते. "पृथ्वीच्या पोटातला. जमीन जमिनीवर आदळली, सगळं फाटलं आणि पोटातलं वर आलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी."

"अजून राग गेलेला दिसत नाही त्याचा," आत्या धापा टाकत म्हणाली. "बूट जाळतो माझे."

माथा ओलांडून वाट खाली वळली, तिथे ओसाड पडलेली जुनी घरं होती. छपरं नव्हतीच, नुसत्या दगडी भिंती उरल्या होत्या. आत्या सावलीत टेकली. पप्पा समुद्राचे फोटो काढू लागले. आकांक्षा एका भिंतीमागे गेली.

कोपऱ्यात कुत्र्याची पिल्लं होती. मातीच्या रंगाची, एकमेकांच्या अंगावर झोपलेली. एक जागं होतं. ते लडखडत पुढे आलं आणि तिचं बोट चोखू लागलं. तिने डब्यातली थोडी खीर बोटावर घेऊन त्याला चाटवली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

पिल्लाजवळ आई दिसली नाही म्हणजे त्याला आई नाही, असं तुम्हालाही वाटलं असतं. आई पोटासाठी कुठेतरी गेलेली असते. आकांक्षाने तो विचार केला नाही. तिने पिल्लू उचललं, बसमधल्या एसीसाठी आणलेल्या स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि बॅगेची चेन लावली. श्वासापुरती फट ठेवली.

ती घरं मागे पडली. वाट एका कोरड्या ओढ्यात उतरली. दोन्ही बाजूंना कडे, मधे गोटे. तिथे मागून एक कुत्री आली.

ती भुंकली नाही. गोट्यांवरून नखं खरडल्याचा आवाज आला आणि काही कळायच्या आत आकांक्षा मागे खेचली गेली. बॅगेचा पट्टा कुत्रीच्या दातांत होता. आकांक्षा पाठीवर पडणार तेवढ्यात पप्पांनी तिचा हात धरला आणि कुत्रीच्या बरगडीत लाथ घातली. कुत्री उलटली, उठली आणि पप्पांच्या पोटरीला झोंबली. पँट फाटली. पप्पांनी चालायची काठी तिच्या पाठीत घातली, पुन्हा घातली, काठी वाकली तेव्हा कुठे तिने जबडा सोडला. ती थोडी दूर जाऊन उभी राहिली. तोंडातून लाळ आणि रक्त गळत होतं. रक्त पप्पांचं होतं.

"पळू नका," पप्पा म्हणाले. "पाठ दाखवू नका. मागे मागे सरका."

"लोकेश, पाय बघू तुझा."

"नंतर. खाली गेल्यावर इंजेक्शन घ्यावंच लागेल. चला."

आत्याने आपली ओढणी काढून पोटरीला करकचून बांधली. तिघं पुढे निघाली. कुत्रीही निघाली. पप्पा थांबले की ती थांबे, ते चालले की चाले. पप्पांनी दगड मारला. तो तिच्या खांद्यावर बसला. ती कळवळली, पण हटली नाही. दुसरा तोंडावर बसला. तरी नाही.

बॅगेत बारीक कुंई झालं. आकांक्षा मुद्दाम जोरात खोकली.

"काहून मागे लागली ही बया?" आत्या म्हणाली. "नागपूरला आमच्या गल्लीतली कुत्री असं करत नाहीत."

"तू पोळ्या घालून लाडावलीयेस त्यांना."

"मग हिलाही घालते. पोटात आग असली की जनावर असंच करतं."

आत्याने पिशवीतली पोळी काढून फेकली. पोळी कुत्रीच्या पायाशी पडली. तिने खाली बघितलंसुद्धा नाही. ती आकांक्षाकडे बघत होती.

"कोरडी आहे म्हणून असेल," आत्या म्हणाली. "आकांक्षा, खिरीचा डबा तुझ्या बॅगेत आहे ना? काढ. दुधाचा वास आला की येईल ती ताळ्यावर."

बॅग उघडायची म्हणजे पिल्लू दिसणार. आकांक्षाने पप्पांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा दुखण्याने आणि रागाने वेगळाच झाला होता. असे पप्पा तिने कधी पाहिले नव्हते.

"खीर नाहीये," ती म्हणाली. "फिनिश झाली. मी खाल्ली, वर."

"सगळी?"

"हो."

पप्पा वाकले आणि त्यांनी मोठा गोटा उचलला. "बस झालं पोळी नि खीर."

पुढे ओढ्यात एक उंच पायरीसारखा कातळ होता. त्यावरून बसून, पाय सोडून उतरावं लागायचं. आधी पप्पा उतरले. मग आत्या. वर आकांक्षा एकटी राहिली, आणि कुत्री याचीच वाट बघत होती.

ती तीरासारखी आली. आकांक्षाच्या पाठीवर पुढचे पाय ठेवून तिने बॅगेचं कापड फाडायला सुरुवात केली. आकांक्षा किंचाळली. आत्याने वर हात करून कुत्रीची शेपटी पकडली आणि ओढली. कुत्री आत्याच्या अंगावर कोसळली, आत्या गोट्यांवर पडली, तिच्या कोपराची कातडी सोलली गेली. पप्पांनी हातातला गोटा मारला. काटकी मोडावी तसा आवाज झाला. कुत्रीचा पुढचा पाय लटकायला लागला.

ती ओरडली नाही. तीन पायांवर उठून पुन्हा कातळावर चढायला लागली. घसरली, पुन्हा चढली, पुन्हा घसरली. वर आकांक्षा होती. आकांक्षाच्या पाठीवर पिल्लू आता मोठ्याने रडत होतं, पण खाली इतका आरडाओरडा चालला होता, की ते फक्त दोघींनाच ऐकू येत होतं.

शेवटी कुत्री कातळाच्या पायथ्याशी पडली आणि तिला उठता येईना. पोट भात्यासारखं हलत होतं. पप्पांनी दोन्ही हातांनी एक धोंडा उचलला आणि डोक्याच्या वर नेला.

"लोकेश, राहू दे," आत्या पडल्या पडल्या म्हणाली. "मरते आहे ती."

"सोडली तर पोरीला फाडेल. बघितलंस ना."

वंदनेला जोडलेले हात हेच होते. आकांक्षाला ते हात दिसत होते, आणि त्यांच्या खाली कुत्रीचं डोकंही. कुत्री धोंड्याकडे बघत नव्हती. ती अजूनही बॅगेकडेच बघत होती.

"पप्पा, नको. शी इज द मदर," आकांक्षा म्हणाली. "आई आहे ती. याची."

तिने बॅग पुढे घेऊन फाडलेलं कापड बाजूला केलं, पिल्लू काढलं आणि पोटावर आडवं पडून हात लांब करून ते कातळावरून सोडलं. ते घरंगळत कुत्रीच्या तोंडाशी गेलं.

कुत्रीने त्याला हुंगलं. एकदा चाटलं. मग त्याला मानेला धरून ती उठली, कशी उठली तिचं तिलाच माहीत, आणि कातळाला वळसा घालून तीन पायांवर वर जाऊ लागली. जाताना ती आकांक्षाच्या अगदी जवळून गेली आणि तिने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

पप्पांनी धोंडा बाजूला टाकला. तो गोट्यांवर पडून फुटला. ते लंगडत कातळावर चढले, आकांक्षाला दंडाला धरून उभं केलं आणि तिच्या थोबाडीत मारली.

ओढ्यात तो आवाज दोनदा ऐकू आला.

"कुत्रीला झालं, पोरीला झालं," आत्या म्हणाली. "आता मी उरलेय बघ."

पप्पांनी आपल्या हाताकडे पाहिलं. मग ते खाली बसले. पोटरीवरची ओढणी लाल झाली होती.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

आकांक्षाचा गाल जळत होता. वर वाटेवर कुत्री पडली, पिल्लू तिच्या तोंडातून सुटलं, तिने ते पुन्हा धरलं. वर ओसाड घरात आणखी पिल्लं होती. मोडक्या पायाच्या आईला आता त्यांच्यासाठी काही आणायला कुठेही जाता येणार नव्हतं.

आकांक्षा रडली नाही. तिने बॅगेत हात घातला आणि खिरीचा डबा बाहेर काढला. तो जवळजवळ भरलेलाच होता.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "खीर आहे."

ती वाटेने थोडी वर गेली. कुत्रीपासून बरंच दूर, पण तिला दिसेल अशा सपाट दगडावर तिने डबा ठेवला. झाकण काढलं, झाकणात बाटलीतलं पाणी ओतलं. कुत्रीकडे पाठ न करता ती एकेक पाऊल मागे सरकत खाली आली. मग पप्पांच्या शेजारी उभी राहिली, त्यांचा तोच हात उचलून आपल्या खांद्यावर घेतला, आणि त्यांना उठवू लागली.