उघडते मी, नेमता तुम्ही

मित्रांनो, मी एक जुनी आज्ञा आहे. माझं नाव ‘ओपन’. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीत माझं नाव आणि पुढे फाईलचं नाव लिहून एंटर दाबलं, की त्या फाईलसाठी तुम्ही जो प्रोग्रॅम नेमला असेल, त्याच्याकडे मी ती सोपवते. माझं काम एवढंच, आणि त्यात मी कधी कुचराई केलेली नाही.

दर वेळी प्रोग्रॅमचं नाव आठवायला कंटाळलेल्या कुणीतरी मला घडवलं. पुढे रंगीत चित्रं आली, लोक त्यांच्यावर टिचक्या मारू लागले आणि मला अडगळ म्हणू लागले. म्हणोत बापडे! मी ज्यांच्याकडे राहते त्या भाषांतरकार ताईंचं मनगट दुखतं, माउस धरवत नाही. "ही ओपन आहे म्हणून माझं काम चालतंय," असं त्या आल्यागेल्याला सांगतात.

ताईंची आई गेली. घरची माणसं जमली. आईचा आवाज एकाच फाईलमध्ये उरला होता. ताईंनी मला बोलावलं आणि पडद्यावर नुसती गिचमीड उमटली.

"ताई, गेली ही फाईल कामातून. पुसून टाक, उगाच जीव जाळू नकोस," धाकटा भाऊ म्हणाला.

"त्या जुनाट ओपनच्या नादी लागलीस ना? तिनंच खाल्ली!" मावशींनी ठरवूनच टाकलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी! आदल्या दिवशी याच भावाने ती फाईल चुकून लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये उघडली होती आणि ‘नेहमी यातच उघडा’ या चौकोनात खूण केली होती. मी हुकमाप्रमाणे वागले. आवाज वाचायला दिलात तर दुसरं काय दिसणार? माझा नुसता संताप झाला, पण मला तोंड नाही.

भावाचं बोट पुसण्याच्या बटणाकडे गेलं. ताईंनी त्याचा हात बाजूला सारला.

"थांब रे. फाईल होती तेवढीच आहे. चुकीच्या प्रोग्रॅमकडे गेली असेल."

त्यांनी पुन्हा माझं नाव लिहिलं, शेजारी गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमचं, मग फाईलचं. मी धावले.

"चालू झालं का गं हे? मी काय बोलू आता?" आई म्हणाली.

भावाने आवाज मोठा केला. मावशींनी चष्मा काढून ठेवला.

मित्रांनो, मला जुनी म्हणा, हवं तर विसरा. मी गयावया करणार नाही. पण उघडली नाही म्हणून फाईल मेली असं ठरवू नका. ती कुणाच्या हाती दिलीत ते आधी बघा, मग मला बोल लावा. पुसायला एक टिचकी पुरते. एकदा पुसल्यावर गेलेल्या आईला पुन्हा बोलतं करेल अशी आज्ञा मात्र कुणी घडवलेली नाही.