बाबांच्या खोलीतला टीव्ही

"छोट्याला फोन कर. मला घेऊन जा म्हणावं," बाबा म्हणाले.

ती टीव्हीसमोर रिमोट घेऊन उभी होती. हिरवा रंग थोडा उतरवून ती पडद्यावरच्या मैदानाकडे बघत होती. गवत आता गवतासारखं दिसायला लागलं होतं.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस तू."

"इथे काय कमी पडतंय, बाबा?"

"कमी काही नाही. सगळं छान आहे."

'छान' हा बाबांचा विषय संपवायचा शब्द होता. आई गेली तेव्हा लोक विचारायचे, कसे आहात, तेव्हाही ते छानच होते.

जिन्यावरून घसरल्यामुळे त्यांच्या मणक्याला बारीक चीर गेली होती. उताणं पडून राहायचं, उशी पातळ घ्यायची, उठवायचं ते फक्त पट्टा बांधून आणि गरजेपुरतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हा छोट्या, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दारातून आत यायला वळावं लागेल एवढ्या देहाचा आणि तरीही सगळ्यांचा छोट्याच, लगेच म्हणाला होता की मी नेतो. त्याच्याकडे बायको, सासू, दोन मुली, भरलेलं घर. ही एकटी, दिवसभर कारखान्यात. पण बाबा म्हणाले होते, "मी हिच्याकडे राहीन." तिने त्यावर फक्त मान हलवली होती आणि आतल्या खोलीत जाऊन आपलं लिहायचं टेबल बाहेर ओढायला सुरुवात केली होती. इतका आनंद तिला बऱ्याच वर्षांत झाला नव्हता.

आणि आता हे.

तिला कारण ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. कारण भिंतीवर होतं.

टीव्ही तिने स्वतः निवडला होता. कापडाच्या कारखान्यात ती रंग तपासते. करड्या रंगाच्या पेटीत, ठरलेल्या दिव्याखाली, मागवलेला तुकडा आणि रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी ठेवायचे आणि ठरलेल्या कोनातूनच बघायचं. मान तिरकी केली की रंग खोटं बोलतो, हे ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगते. टीव्हीच्या दुकानातही तिने तसंच केलं. लाल कापडाचा एक तुकडा पर्समधून काढला, वरचा दिवा बंद करायला लावला, प्रत्येक टीव्हीसमोर बरोबर मध्यावर उभी राहिली.

"मॅडम, टीव्ही घेताय की पंचनामा करताय?" विक्रेता म्हणाला होता.

मोठ्या नावांचे दोन टीव्ही नापास झाले. तिच्या डोळ्यांच्या रेषेत मांडलेला, कधी न ऐकलेल्या कंपनीचा एक छोटा टीव्ही पास झाला. तोच तिने आणला आणि बाबांच्या पायांकडच्या भिंतीवर उंच लावून घेतला, म्हणजे पांघरुणाच्या ढिगाआड जाणार नाही.

घरी आल्यावर एकेक खोट बाहेर आली. काळा रंग राखेसारखा. चेंडू जोरात गेला की त्याला शेपूट फुटायची. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. रोज संध्याकाळी ती आल्या आल्या हात धुऊन त्याच्यासमोर उभी राहायची आणि उजेड, रंग, गडदपणा खालीवर करत बसायची. बसायची म्हणजे उभीच.

"ताई, त्या बिचाऱ्याचे कान किती पिळाल?" मावशी म्हणाल्या. बाबांना सांभाळायला त्या दिवसभर असत आणि ती आली की पिशवी उचलत. आज त्या दारात थांबल्या. "आणि खरं सांगू? ते बघतच नाहीत. लावून ठेवतात नुसता. परवा मी विचारलं, बाबा, कोण हरलं? तर म्हणे, कळलं नाही. डोळे मिटून पडलेले असतात."

"चित्र चांगलं नाही ना."

"मला तर बरं दिसतं," मावशी उभ्या उभ्या टीव्हीकडे बघून म्हणाल्या आणि गेल्या.

तिने दुकानात फोन केला.

"चित्र येतंय ना, मॅडम?"

"येतंय."

"मग?"

तिने फोन ठेवला. छोट्याकडे भिंतभर टीव्ही होता. त्यावर माणसं खऱ्या माणसांएवढी दिसत. दिवसभर पडून असलेल्या माणसाला दुसरं काय हवं असणार?

"बाबा, हा परत देऊन मोठा आणूया," ती म्हणाली.

"टीव्हीचं काय घेऊन बसलीस!" बाबा इतके एकदम चिडले की तिच्या हातातला रिमोट खाली आला. मग हळू आवाजात म्हणाले, "चांगला आहे. राहू दे."

पेपरही त्यांनी सोडला होता. वर धरून वाचताना हात दुखतात, असं सांगायचे. आयुष्यभर जमीनमोजणीच्या खात्यात नकाशे काढलेला माणूस. केसाएवढ्या रेघेच्या आतली रेघ काढणारा. "चष्म्याचा नंबर बदलला असेल, डोळ्यांचे डॉक्टर घरी येतात, बोलावू का?" असं तिने एकदा विचारलं, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. "माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

शेवटी तिने छोट्याला फोन केला.

"तू भांडलीस त्यांच्याशी?"

"नाही रे."

"मग मी भांडलो असेन. झोपेत. आणि शिक्षा म्हणून येतायत माझ्याकडे." तो हसला, ती हसली नाही, हे त्याला फोनवरही कळलं. "ताई, बरं, शनिवारी येतो. डॉक्टरांना विचारून ठेव. गाडीचं पुढचं सीट पूर्ण आडवं होतं."

डॉक्टर म्हणाले, पट्टा घट्ट बांधा आणि सावकाश न्या. ते नाही म्हणतील अशी तिला आशा होती.

त्या आठवड्यात कामात तिचं मन लागलं नाही. निळ्या रंगाचे दोन तुकडे ती पेटीत ठेवायची, काढायची, पुन्हा ठेवायची. "मॅडम, हे जुळलंय," शेजारची मुलगी म्हणाली. "तुम्हीच मघाशी सही केलीत." तिने सही बघितली. तिचीच होती.

शनिवारी सकाळपासून ती बाबांची बॅग भरत होती. इस्त्रीचे शर्ट तिने पुन्हा इस्त्री केले. औषधं खाली ठेवली, मग वाटेत लागतील म्हणून वर काढली, मग सांडतील म्हणून पुन्हा खाली. बाबा डोळे मिटून पडले होते. तिची पावलं ऐकू आली की विचारायचे, "कोण?"

"मीच. दुसरं कोण असणार?"

"हां."

दुपारी छोट्या आला तेव्हा मावशी बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवून आंघोळीला घेऊन गेल्या होत्या. त्याने बूट दारातच सोडले, पाण्याचा तांब्या तोंडाला लावून रिकामा केला, बाबांच्या खोलीत गेला आणि त्यांच्या पलंगावर आडवा झाला. पलंग करकरला.

"ऊठ! बाहेरचे कपडे आहेत!" ती स्वयंपाकघरातून ओरडली. रुग्णाच्या अंथरुणाला बाहेरचे कपडे लागू द्यायचे नाहीत, हा तिचा नियम होता. ती स्वतः त्या पलंगाच्या कडेलासुद्धा कधी टेकली नव्हती.

"पाठ मोडलीय गं. दोन मिनिटं." टीव्ही लागल्याचा आवाज आला. मग, "ताई, या बाईला काय झालंय?"

"कुठल्या?"

"बातम्यांवाल्या. तोंड कोळसा आणि केस पांढरे. जुन्या फोटोची निगेटिव्ह लावलीयस का?"

ती हात पुसत आली. दारात उभी राहून तिने बघितलं. बातम्या देणारी बाई नेहमीसारखी होती, गालांवर गुलाबी छटा जरा जास्त, बस.

"काही नाही झालेलं."

"काही नाही? अगं भूत आहे ते!"

"तुझे डोळे तपासून घे."

"तू इथे ये. इथे पड." तो उठून बाजूला झाला. "पड गं. नियम नंतर."

ती पलंगाच्या कडेवर बसली. मग हळूच बाबांच्या पातळ उशीवर डोकं टेकलं.

बाईचा चेहरा गेला होता. त्या जागी एक मळकट काळा आकार होता, त्यावर ओठ फिकट आणि डोळ्यांच्या जागी दोन उजळ डाग. केस राखाडी. मागची पांढरी भिंत विटलेली. ती कोपरावर उठली. चेहरा परत आला, गुलाबी गालांसकट. खाली टेकली, गेला. पुन्हा उठली.

"व्यायाम करतेयस का?" छोट्या म्हणाला.

असल्या स्वस्त पडद्यातले स्फटिक एका बाजूला कललेले असतात. समोरून बघावं तर ठीक, खालून बघितलं की उजेडाचा अंधार आणि अंधाराचा उजेड. तिने हे कधीतरी वाचलंही होतं. ती दुकानात मध्यावर उभी होती. घरी मध्यावर उभी होती. या खोलीत रोज पडून बघणारं माणूस एकच होतं.

छोट्या तिच्यावर वाकला. "ताई, बरी आहेस ना?"

त्याच्या डोक्यामागे छताचा दिवा होता. तिला त्याच्या खांद्यांचा आकार दिसला, कान दिसले. चेहरा दिसला नाही.

"तसाच थांब," ती म्हणाली. "हस बघू."

"हसतोय की."

तो हसतोय हे तिला कळलं नव्हतं. इथून प्रत्येक वाकलेला माणूस असाच दिसणार. वर धरलेला पेपरही असाच, मागे दिवा आणि पुढे काळोख. ती ताडकन उठली, तेवढ्यात मावशींनी खुर्ची आत ढकलली. बाबांचे केस ओले होते आणि पट्ट्यामुळे ते ताठ बसले होते, फोटो काढायला बसल्यासारखे.

"आलास?" त्यांनी छोट्याला विचारलं. "लगेच निघूया."

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला टीव्हीवर चेहरे कसे दिसतात?"

"छान दिसतात."

"काळे दिसतात ना?"

त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर मागेपुढे फिरायला लागला.

"कोणी सांगितलं तुला?"

"मी आत्ता तुमच्या उशीवर पडले होते. मलाही काळे दिसले. छोट्यालाही."

"भूत," छोट्याने दुजोरा दिला.

"दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, बाबा. टीव्ही भिकार आहे. खालून बघितलं की उलटा दिसतो."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, नंतर छोट्याकडे, पुन्हा तिच्याकडे. "मोठ्या काकांचं असंच सुरू झालं होतं," ते म्हणाले. "आधी चेहरे गेले."

तिला शेवटी आंधळे झालेल्या मोठ्या काकांचं घर आठवलं. काकू खोलीत शिरताना म्हणायच्या, मी आहे हं.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तू सकाळी जातेस ती संध्याकाळी येतेस. आंधळा म्हातारा कुठे गळ्यात बांधून घेतेस? त्याच्याकडे घरात चार माणसं आहेत."

"पण नुसतं विचारायचं तरी! चित्र नीट दिसत नाही, एवढंच!"

"कोणाला विचारू?" बाबांचा आवाज चढला. "तू रोज येतेस, त्या डब्यासमोर उभी राहतेस आणि म्हणतेस, आता रंग अगदी बरोबर आलेत. रोज! मला वाटलं, आले असतील. तुझं कधी चुकतं का?"

मावशींनी टॉवेल उगाच झटकला.

छोट्यानेच मधला अवघडपणा मोडला. तो पलंगावर चढला, टीव्ही खिळ्यांवरून उचलला आणि वायर ताणली जाईल तेवढा पुढे आणून बाबांसमोर धरला. "बघा. हं. बोला."

"खाली घे."

"घेतला."

"अजून. वाकडा धरू नकोस."

पडद्यावरची बाई अजून बोलत होती. बाबा पुढे झुकायला गेले, पट्ट्याने अडवलं. ते बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नव्हतं म्हणून ती त्यांच्या हाताकडे बघत होती. हात थांबला होता.

"हिच्या डाव्या कानातलं पडलंय," बाबा म्हणाले. "नुसतं भोक दिसतंय."

तिघंही वाकले. छोट्याला काहीच दिसेना, कारण तो टीव्हीच्या मागे होता. मावशी म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की!"

"आणि हा काळा आहे?" बाबांनी बाईच्या कोटाकडे बोट केलं. "याला काळा म्हणतात? ही राख आहे. आवाजसुद्धा कसा, जसा काही नळातून येतोय. कोणी पास केला हा?"

"मी," ती म्हणाली.

"तूच? मग बघायला नको."

"बाबा, माझे हात तुटतील," छोट्या म्हणाला. "हा धरून उभा राहू, की गाडीत बॅग ठेवू? एक काहीतरी सांगा."

बाबा आता टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होते. ती खिडकीसमोर उभी आहे हे लक्षात येताच ती बाजूला सरकली, उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी. त्यांनी तिचा चेहरा नीट बघून घेतला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता.

"वाळलीस," ते म्हणाले. मग, "ते डोळ्यांचे डॉक्टर घरी येतात म्हणाली होतीस ना?"

"येतात."

"बोलाव. एकदा त्यांच्या तोंडून ऐकू दे."

"आणि छोट्या?"

"छोट्या जेवून जाईल."

"वा! म्हणजे मी सीट आडवं करून आलो ते कशाला?" छोट्या म्हणाला आणि त्याने टीव्ही पलंगावर पालथा टाकला. मावशी बॅगेतून औषधं बाहेर काढायला लागल्या.

तिने बाहेरच्या खोलीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. शनिवारची दुपार, दवाखाना बंद असणार. फोन वाजून वाजून थांबला. आत बाबा छोट्याला सांगत होते की दिवा डोक्यावर नको, बाजूच्या भिंतीवर पाहिजे. तिने उभ्या उभ्या पुन्हा लावला.