चौदा किलो पेपरमिंट

दारूबंदीचं दुसरं वर्ष होतं. रशियात वोलोग्दाकडच्या एका गावात साखर कुपनावर मिळायची, आणि ग्लाफिराच्या नातीचं, उल्यानाचं, लग्न तीन आठवड्यांवर आलेलं. म्हातारीने दुकानातल्या पेपरमिंटच्या गोळ्या झाडून उचलल्या. चौदा किलो!

दुसऱ्याच दिवशी दुपारी गावचा पोलीस साव्वा दारात हजर. टोपी काखेत, बुटांचा चिखल पुसत.

"ग्लाफिराकाकू, तक्रार आलीय. एवढ्या गोळ्या कशाला लागतात?"

"खायला."

"दात किती उरलेत तुमचे?"

"दोन. म्हणून तर चघळते."

तिने स्टूल पुढे सरकवलं. "बस. आणि रिकाम्या हातांनी चौकशी करू नकोस," म्हणत एक पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली. मेणकागद गोळ्यांना घट्ट चिकटलेले. एकीकडे कायद्याची कलमं म्हणत साव्वा कागद सोलायला लागला.

"काकू, व्होडका धान्याची असते. गोळ्यांची कधी ऐकलीय?"

"माझी आजी राय धान्याची करायची. इकडे दुसरं उगवतंय काय? युद्धात धान्य सैन्याला गेलं, तर आईने थंडीने काळे पडलेले बटाटे शिजवले. मग बीट. मग साखर मिळायला लागली नि आम्ही आळशी झालो. यीस्टला काय रे कळतंय? त्याला गोड हवं. भट्टीतून उतरली की सगळ्यांची जात एकच."

"म्हणजे कबूल करताय?"

"मी आजीचं सांगितलं. तिला पकडायचं तर दफनभूमीत जा."

साव्वा सोलत राहिला. वीसेक गोळ्या सोलून झाल्यावर खाली बघतच पुटपुटला, "समजा... एखाद्याने पाच बरण्या जाम घातला, आणि फेसच आला नाही, तर?"

ग्लाफिराचे सोलणारे हात थांबले. हसू दाटून आलं होतं, पण चेहरा तिने सरळ ठेवला.

"त्या एखाद्याने यीस्ट उकळत्या पाण्यात टाकलं असणार."

"छे! कोमट होतं!" साव्वा बोलून गेला आणि त्याचे कान लाल झाले.

"बोट घालून बघितलंस?"

"बघितलं ना. भाजलं."

"मग यीस्ट मेलं, बाबा! आता गार होऊ दे, नवं घाल. आणि उतरवताना पहिली धार फेकून दे, विषारी असते. सासऱ्याला पाजू नकोस, कितीही वाटलं तरी."

अंधार पडायच्या आत पिशव्या रिकाम्या झाल्या. साव्वाने अहवाल लिहिला: 'म्हातारीला जुनाट खोकला. गोळ्या औषधी.' सही करताना म्हणाला, "काकू, थोडं खोका तरी, म्हणजे मला खोटं लिहिल्यासारखं वाटणार नाही." ती मन लावून खोकली.

लग्नात टेबलांवर चहाच्या किटल्या मांडल्या होत्या. ग्रामसभेच्या अध्यक्षांनी हातात कप घेऊन नशामुक्तीवर भाषण दिलं, मध्येच दोनदा थांबून कप भरून घेतला आणि शेवटी नवरीऐवजी नवऱ्याच्या आजीला मिठी मारली. अख्ख्या मांडवात दारूचा वास म्हणून नव्हता, नुसता पुदिना.

पंधरवड्याने साव्वा कोटाखाली बाटली लपवून आला. ग्लाफिराने घोट घेतला, डोळे मिटले, बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काकू? बऱ्या आहात ना?"

"कोळशातून गाळली होतीस?"

"गाळायची असते?"

"खिडक्या पुसायला चालेल," ती म्हणाली. साव्वाचं तोंड एवढंसं झालं. मग तिला त्याची दया आली, आणि तिने पेला पुन्हा पुढे केला.