पातेल्याच्या बुडाची पळी

सौदा शीलाच्या बाजूनं चांगलाच होता. सहा दिवस पोरीनं तिला आई म्हणायचं नाही. बदल्यात पाचवी ते दहावी, यवतमाळच्या निवासी शाळेत फुकट जागा. एका दिवसाला एक वर्ष. असा भाव दारव्ह्याच्या बाजारात कापसालाही कधी लागला नव्हता.

"सगळे म्हनतीन तशी मावशी म्हनायचं," मुकुटबनच्या फाट्यावर जीपची वाट पाहत ती मैत्रेयीला सांगत होती.

"आन् चुकून आई निंघालं तं?"

"चुकायचंच नाई."

शेजारी बॅग धरून उभा असलेला मामा भीमराज म्हणाला, "शीले, काहून असे धंदे करतं व? पोरीले जाऊ दे एकटी."

"दादा, तिथं नदी हाय."

यवतमाळची एक संस्था पैनगंगेच्या काठावर पहिल्यांदाच मुलांचं शिबिर भरवत होती. चाळीस मुलं, सहा दिवस, मुक्काम तंबूत. त्यातल्या एका मुलीला संस्थेच्या शाळेत जागा मिळणार होती. फॉर्मवर अट छापलेली होती, आमच्या कामगारांच्या घरची मुलं चालणार नाहीत. फॉर्म भरून शीला घरी बसली असती तर काहीच अडचण नव्हती. पण मैत्रेयी दहा वर्षांत एक रात्रही आईला सोडून राहिलेली नव्हती. बाप संघदीप गेल्यापासून तर ती आईच्या लुगड्याचं टोक मुठीत धरूनच झोपायची. शिबिराला स्वयंपाकीण पाहिजे असं कानावर आलं आणि शीला हो म्हणून मोकळी झाली. तिला जागाही पाहिजे होती आणि पोरगीही डोळ्यांसमोर पाहिजे होती. फॉर्मवर पत्ता दारव्ह्याचा, भीमराजचा दिला. आडनावाची काळजी नव्हती. गावच्या शाळेत नऊ वर्षं ती खिचडी शिजवत होती आणि नऊ वर्षांत तिचं आडनाव कोणी विचारलं नव्हतं.

मैत्रेयीनं काम चोख केलं, शीलाला वाटलं होतं त्यापेक्षा जरा जास्तच. पहिल्याच संध्याकाळी रांगेत ताट पुढं करून म्हणाली, "मावशी, तुमचं गाव कोन्तं व?"

"लय लांब हाय, बाई." हसू दाबता दाबता शीलाच्या हातून वरण सांडलं.

दुसऱ्या दिवशी वाढताना तिनं हळूच विचारलं, "झोप लागली?"

"हो. पुष्पा हाय ना जवळ."

ही पुष्पा तांड्यावरची, तिखट पोरगी. दोघींचं अंथरूण एकाला एक लागून होतं. शीलाला बरं वाटलं. मग चुलीपाशी बसून बराच वेळ तितकं बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शिबिरप्रमुख पूनमसिंग सरांनी सगळ्यांकडून घरी एकेक पोस्टकार्ड लिहून घेतलं. मैत्रेयी करंजाखाली पाठ फिरवून लिहीत होती. शीला कांदे चिरता चिरता त्या पाठीकडं बघत राहिली. हिच्या घरी आत्ता कुलूप होतं, मग ही लिहीत होती कोणाला?

चौथ्या दिवशी घोळ झाला.

गावच्या शाळेत शीलाची एक सवय होती. मैत्रेयीनं रांगेत शेवटी उभं राहायचं. पातेल्याच्या बुडाशी डाळ दाट असते, ती पळी तिची. नऊ वर्षांत शीलानं सरकारचं एवढंच खाल्लं होतं, तेही स्वतः नाही. त्या दिवशी अंड्याचा रस्सा होता. अंडी चाळीस, मुलं चाळीस. मैत्रेयी सवयीनं मागं गेली, शीलाचा हात सवयीनं बुडाशी गेला आणि दोन अंडी भाताखाली बसली. तेवढ्यात नदीवरून उशिरा आलेला सात वर्षांचा ओम ताट घेऊन उभा राहिला. पातेल्यात नुसता रस्सा.

"सर, हिच्या ताटात दोन हायेत," पुष्पा म्हणाली. "मावशी रोजच हिले बुडातलं देते. मी पाह्यलं."

सरांनी भात बाजूला केला. खाली दोन अंडी निघाली.

"ही बाई कोण लागते तुझी?"

मैत्रेयीनं आईकडं पाहिलं. शीलानं पळी घट्ट धरली होती. एक शब्द निघाला की सहा वर्षं गेली.

"कोनीच नाई, सर."

"मग दोन अंडी का दिली तुला?"

"मले का माहीत? मी मांगितलं नवतं."

सर वळले. "बोला, बाई."

"तिची काई चुकी नाई, सर," शीला म्हणाली. "एक अंडं मी माह्यासाठी लपवलं होतं. चुकून तिच्या ताटात गेलं."

"लेकरांच्या तोंडचं चोरता?"

"हो, सर."

दुपारी तिला जायला सांगितलं. पिशवी घेऊन ती काठानं निघाली तेव्हा मुलं डोहात होती. मैत्रेयी पिवळं जाकीट घालून ट्यूबवर तरंगत होती, पुष्पाशी पुन्हा जुळलंही होतं. शीला ज्या भीतीपायी इथवर आली होती, ती नुसतीच तिची होती. पोरीनं मान वळवली नाही. वळवायची नाही, असंच ठरलं होतं.

जूनमध्ये सरांचा भीमराजला फोन आला. जागा मैत्रेयीला. "पोरगी सगळ्यांसमोर खरं बोलली," सर म्हणाले. "असंच मूल आम्हाला पाहिजे."

शाळेत महिन्याला एक पालकभेट. पूनमसिंग सर फाटकावरच बसतात, आणि अंडं चोरणारी बाई ते विसरलेले नाहीत. म्हणून भीमराज आणि त्याची बायको प्रभावती जातात. शीला डबा भरून देते.

ऑगस्टच्या भेटीहून परतताना भीमराज मुद्दाम वाट वाकडी करून शीलाकडं आला. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोलला.

"पोरगी कशी हाय, दादा?"

"मस्त हाय." मग खाली पाहत म्हणाला, "सगळ्याइच्या समोर प्रभावतीले आई म्हने. आमी सांगतलं नवतं, बरं."

निघताना त्यानं खिशातून पोस्टकार्ड काढलं. शिबिरातलं. त्याच्या पत्त्यावर केव्हाच आलं होतं, कपाटावर पडून राहिलं.

*प्रिय आईस, मी मजेत आहे. येथे एक मावशी आहे. ती मला शेवटी वाढते. तिला धूर लागतो. शिबिर संपले की मी तिला आपल्या घरी घेऊन येणार आहे. तू तिला आवडशील.*

शीलानं ते दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्यामागं ठेवलं.

ओमला दुसऱ्या दिवशी अंडं मिळालं. संस्थेला खरं बोलणारी मुलगी मिळाली. लेकरू नसलेल्या प्रभावतीला महिन्यातून एकदा आई म्हणणारं कोणी मिळालं. खरं बोललेली पुष्पा तांड्यावर परतली, तिला काही मिळालं नाही. शीला खिचडी करतेच आहे. रांग संपली की बुडाची दाट पळी ती पातेल्यातच ठेवते. कबूल केलेल्या सहा दिवसांतले तिचे चार भरून झाले, अजून सहा वर्षं जायची आहेत.