पांढऱ्या वस्त्राखालचा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. कल्याणच्या एका चाळीत, खिडकीशेजारच्या टेबलावर माझं बिऱ्हाड आहे.

सुटे भाग जमवून संगणक दुरुस्त करणाऱ्या उत्तमने मला त्याच्या दुकानात जोडलं. माझा मेंदू म्हणजे प्रोसेसर. काम करताना तो तापतो, म्हणून त्याच्यावर धातूचा ठोकळा आणि पंखा बसवतात. मधल्या बारीक फटीत उत्तमने तांदळाच्या दाण्याएवढी करडी पेस्ट लावली. तिच्यातून उष्णता वर जाते, पंखा ती बाहेर फेकतो.

या घरचा मुलगा रवींद्र माझ्यावर शिकला. शेजारपाजारचे अर्जही माझ्यावरच भरले जात. लोक म्हणत, "रवीचं घर म्हणजे चाळीचं ऑफिस!" मी फुशारून जाई. मग त्याला नोकरी लागली, ठाण्यात घोडबंदर रोडला घर झालं. मागे राहिलो मी आणि त्याची आई, रमाबाई. कितीतरी महिने मला कुणी सुरूच केलं नाही. रोजची बुद्धवंदना झाली की त्या माझ्याकडे बघत आणि मी त्यांच्याकडे.

यंदा वर्षावासात, पावसाळ्यातल्या त्या तीन महिन्यांत, विहारातल्या ग्रंथवाचनात एक दिवस त्यांना वाचायला सांगितलं. आजवर त्या मागे बसून ऐकत. शाळा थोडीच झालेली, सगळ्यांसमोर अडखळायची धास्ती. विहारातल्या ग्रंथाची अक्षरं मोठी, पण घरच्या पुस्तकाची बारीक. म्हणून घरच्या सरावासाठी रवींद्रने येऊन माझ्या पडद्यावर तोच ग्रंथ मोठ्या अक्षरांत लावून दिला आणि त्या बोट ठेवून वाचू लागल्या.

माझ्यावर धम्माचे शब्द उमटतात, म्हणून त्यांनी मला स्वच्छ पांढरं वस्त्र घातलं. पडदा तेवढा सोडून पुढून, मागून, अगदी हवेच्या जाळीवरूनसुद्धा. शेजारी अगरबत्ती. मित्रांनो, इतका मान मला कधीच मिळाला नव्हता, आणि त्या मानाखाली माझा जीव गुदमरत होता. राख पंख्यात गेली. आतली पेस्ट तर केव्हाच सुकली होती. जळू नये म्हणून मी मधेच बंद पडे आणि रमाबाईंचं वाक्य अर्धंच राही.

"आई, भंगारात दे तो. मोबाइलवर वाच," रवींद्र फोनवर म्हणाला.

"मोबाइलवर ओळ पळते रे. आणि माझा वाचायचा दिवस आलाय जवळ."

मला मांडीवर घेऊन त्या रिक्षाने उत्तमकडे गेल्या. त्याने मला उघडलं आणि हसला. "मावशी, याला शाल पांघरलेली का? आत बघा, पेस्टचा खडू झालाय!"

"मान दिला रे मी त्याला."

"मान पुढून द्या. मागून हवा द्या!"

त्याने राख झटकली, सुकलेली पेस्ट पुसली, नवा दाणा ठेवला.

"अजून थोडी लाव की. हात आखडू नकोस."

"भाकरीला लोणी नाहीये, मावशी. फट भरली की बास."

त्यानंतर मी तापलो नाही. रमाबाई रोज पूर्ण पान वाचू लागल्या.

त्यांच्या वाचनाच्या दिवशी मी घरी अंधारात होतो. काय झालं, मला कळायला मार्ग नव्हता. परत आल्यावर त्यांनी पांढरी साडीही बदलली नाही. मला सुरू केलं, समोर बसल्या.

"वाचलं बाबा. एका ठिकाणी अडले. कुणी हसलं नाही."

हे सांगायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मित्रांनो, जुनं यंत्र तापलं तर टाकून देऊ नका. आधी उघडून बघा, त्याला मोकळी हवा द्या. आणि तुमची आजी कुठून वाचून आली, तर तिच्यासमोर जरा बसा. मी ऐकतो, पण "मग पुढे काय झालं?" असं मला विचारता येत नाही.